क्रॉस-कंपायलर टूलचेन बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारी संध्याकाळी दादरला आम्ही काही जण एम्बेडेड लिनक्स, म्हणजे छोट्या बोर्डांवर चालणारं लिनक्स, शिकायला-शिकवायला जमतो. मुलं-मुली विरारहून येतात, डोंबिवलीहून येतात, आणि परतीच्या लोकलमधूनच व्हॉट्सअॅपवर प्रश्न सुरू होतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. सगळं सलग वाचायची गरज नाही, अडलं असेल तो प्रश्न शोधा. कमांड आणि एरर उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या मूळ रोमन अक्षरांतच करायच्या.

१. लॅपटॉपवर जीसीसी आहेच, मग रास्पबेरी पायसाठी वेगळा कंपायलर कशाला?

जीसीसी हा कंपायलर, म्हणजे सी-सी++ मध्ये लिहिलेल्या कोडचा प्रोसेसरला कळणारा मशीन कोड करणारा प्रोग्राम. लॅपटॉपवरचा जीसीसी लॅपटॉपच्याच प्रोसेसरसाठी, म्हणजे इंटेल किंवा एएमडीच्या एक्स८६-६४ साठी, मशीन कोड काढतो. पाय हा एका छोट्या बोर्डावर मावणारा संगणक. त्यात आर्म प्रोसेसर आहे, त्याला त्या कोडमधलं काहीही कळत नाही. एका जातीच्या प्रोसेसरवर चालून दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी कोड काढणारा, तो क्रॉस-कंपायलर.

पायवरच जीसीसी बसवून तिथेच कंपाइल केलं तर? पाय ४ किंवा ५ असेल आणि प्रोग्राम चार-पाच फाइलींचा असेल तर खुशाल तसंच करा, त्यासाठी आठवडा घालवू नका. क्रॉस-कंपायलर लागतो तो कोड मोठा असेल तेव्हा, उदाहरणार्थ कर्नल (लिनक्सचा गाभा) किंवा क्यूटी (खिडक्या-बटणं दाखवणारी मोठी लायब्ररी). नाहीतर बोर्डावर कंपायलर मावतच नसेल तेव्हा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मिळणाऱ्या ‘ब्लू पिल’ या छोट्या बोर्डावरच्या एसटीएम३२एफ१०३सी८ या मायक्रोकंट्रोलरमध्ये ६४ केबी फ्लॅश आणि २० केबी रॅम असते. तिथे दुसरा मार्गच नाही.

२. टूलचेन म्हणजे नक्की काय काय?

चार गोष्टींचा संच. बिनयुटिल्स, ज्यात असेम्बलर, लिंकर, ऑब्जडम्प, रीडएल्फ, स्ट्रिप वगैरे येतात. जीसीसी. सी लायब्ररी, म्हणजे ‘प्रिंटएफ’सारखी तयार फंक्शनं. आणि टार्गेटवर, म्हणजे ज्या बोर्डासाठी कोड काढायचा त्यावर, लिनक्स असेल तर कर्नल हेडर. दोष शोधायला सोबत जीडीबी घ्या.

जीसीसीऐवजी क्लँग हा दुसरा कंपायलर वापरला तर हे सगळं टळतं का, असंही बरेच जण विचारतात. क्लँगची एकच बायनरी अनेक प्रोसेसरांसाठी कोड काढू शकते, ‘--टार्गेट’ दिलं की झालं. पण सी लायब्ररी आणि हेडर त्यालाही टार्गेटचेच लागतात. आणि खरा त्रास तिथेच असतो. गेली काही वर्षं मी या तक्रारी ऐकतो आहे. कंपायलर बिघडलेला क्वचितच निघतो; त्याने गृहीत धरलेली लायब्ररी आणि बोर्डावर बसलेली लायब्ररी एकमेकींशी जुळत नाहीत, हेच कारण बहुतेकदा निघतं.

३. डाउनलोड करण्याआधी काय ठरवायचं?

आम्ही याला बोर्डाची पत्रिका काढणं म्हणतो. या सगळ्या कामात हा अर्धा तास सगळ्यात मोलाचा आहे, आणि नेमका तोच बहुतेक जण वाचवायला बघतात.

बोर्डावर लॉगिन करा आणि वही घेऊन बसा. प्रोसेसरचं नाव आणि त्याच्या सूचनासंचाची आवृत्ती लिहा: आर्मव्ही६, आर्मव्ही७ की आर्मव्ही८. पहिला पाय २०१२ साली आला तो आर्मव्ही६ घेऊन. पाय ३ मध्ये कॉर्टेक्स-ए५३, पाय ४ मध्ये कॉर्टेक्स-ए७२, पाय ५ मध्ये कॉर्टेक्स-ए७६ आहे. ‘एलएससीपीयू’ चालवलं की बाइटचा क्रमही कळतो, म्हणजे संख्येचा मोठा बाइट आधी (बिग-एंडियन) की लहान आधी (लिटल-एंडियन). ‘एलडीडी --व्हर्जन’ दिलं की सी लायब्ररी कोणती आणि कितवी ते कळतं. ‘युनेम -आर’ कर्नलची आवृत्ती सांगतं. ३२ बिटचा आर्म असेल तर दशांश संख्या फंक्शनला कशा पोचवल्या जातात, म्हणजे हार्ड-फ्लोट की सॉफ्ट-फ्लोट, तेही लिहा. त्याबद्दल प्रश्न १४ मध्ये.

एक फसवी जागा आहे. ‘युनेम -एम’ फक्त कर्नलबद्दल बोलतं. पाय ४ वर ३२ बिटची रास्पबेरी पाय ओएस टाकली तरी तिच्या अलीकडच्या आवृत्त्यांत कर्नल ६४ बिटचं सुरू होतं. त्यामुळे उत्तर ‘एआर्च६४’ येतं, आणि वर चालणारे सगळे प्रोग्राम, सगळ्या लायब्ररी मात्र ३२ बिटच्या असतात. ६४ बिटचा प्रोग्राम तिथे नेला की प्रश्न ९ मधली एरर समोर येते. म्हणून ‘गेटकॉन्फ लाँग_बिट’ चालवा, किंवा ‘फाइल’ कमांडने बोर्डावरची ‘एलएस’ची बायनरी तपासा. खरं उत्तर तिथे मिळतं.

४. ‘आर्म-लिनक्स-ग्नूईएबीआयएचएफ’ असली लांबलचक नावं वाचायची कशी?

डावीकडून उजवीकडे. आधी प्रोसेसर, मग कधी कधी बनवणारा, मग ऑपरेटिंग सिस्टिम, शेवटी सी लायब्ररी आणि एबीआय, म्हणजे फंक्शननी एकमेकांना माहिती कशी द्यायची याचे नियम. वरच्या नावाचा अर्थ: ३२ बिट आर्म, लिनक्स, ग्लिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी), हार्ड-फ्लोट. ‘एआर्च६४-लिनक्स-ग्नू’ म्हणजे ६४ बिट आर्म, लिनक्स, ग्लिबसी. ‘आर्म-नन-ईएबीआय’मधला ‘नन’ सांगतो की खाली ऑपरेटिंग सिस्टिमच नाही, हा मायक्रोकंट्रोलरचा कंपायलर. शेवटी ‘मसल’ असेल तर ग्लिबसीऐवजी मसल ही छोटी सी लायब्ररी आहे.

‘आर्म-नन-ईएबीआय’ने पायसाठी लिनक्सचा प्रोग्राम बनवायचा प्रयत्न आमच्याकडे दर बॅचला कोणीतरी करतोच. दोन्हीकडे ‘आर्म’ लिहिलंय म्हणून एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

५. बिल्ड, होस्ट आणि टार्गेट यांत दर वेळी गोंधळ होतो. सोपं करून सांगाल का?

कंपायलर ज्या मशीनवर बांधला जातो ते बिल्ड. बांधून झाल्यावर तो जिथे चालणार ते होस्ट. तो ज्याच्यासाठी कोड काढणार ते टार्गेट. नेहमीच्या क्रॉस-कंपायलरमध्ये बिल्ड आणि होस्ट दोन्ही तुमचा लॅपटॉप, टार्गेट तेवढा बोर्ड.

गोंधळ होतो तो साधा प्रोग्राम कंपाइल करताना. साधा प्रोग्राम कोणासाठी कोड काढत नाही, त्यामुळे त्याला टार्गेट नसतंच. तो जिथे चालणार ते होस्ट. म्हणून एखादी लायब्ररी बोर्डासाठी बनवताना ‘कॉन्फिगर’ला (बिल्डआधी चालवायच्या स्क्रिप्टला) ‘--होस्ट’मध्ये बोर्डाचं नाव द्यायचं, ‘--टार्गेट’मध्ये नाही. ‘--टार्गेट’ दिलं तर कॉन्फिगर मुकाट्याने लॅपटॉपसाठीच बांधून देतं, आणि हे कळतं ते बोर्डावर नेल्यावर.

६. तयार टूलचेन घेऊ की स्वतः बांधू?

तयार मिळत असेल तर तयार घ्या. उबुंटू किंवा डेबियनवर ‘क्रॉसबिल्ड-इसेन्शियल-आर्म६४’ हे एक पॅकेज बसवलं की ६४ बिट आर्मचं काम लगेच सुरू होतं. कॉर्टेक्स-एम या मायक्रोकंट्रोलरमधल्या आर्म प्रोसेसरसाठी आर्म कंपनीची आर्म ग्नू टूलचेन आहे. राउटरसाठी ओपनडब्ल्यूआरटी या राउटरवरच्या लिनक्सचा एसडीके (टूलचेनसकट तयार संच), प्रश्न १७ पाहा. अँड्रॉइडसाठी गूगलचं एनडीके, त्यात आता फक्त क्लँग आहे. जीसीसी २०१८ साली आर१८ मधून काढला.

पत्रिका जुळली नाही तरच बांधायला बसा: जुनी ग्लिबसी हवी आहे, प्रोसेसर वेगळा आहे, मसल हवी आहे. तेव्हाही हाताने बांधण्याआधी क्रॉसटूल-एनजी वापरून बघा. मेन्यूत पर्याय निवडायचे, बाकी सगळा क्रम ते सांभाळतं. संपूर्ण फाइलसिस्टिमच बनवायची असेल तर बिल्डरूट, टूलचेन त्यातच तयार होते. त्याच कामाच्या योक्टो या साधनाची ताकद मोठी आहे, पण पहिल्याच प्रकल्पाला तो घेऊ नका असं मी स्पष्ट सांगतो. तिथे काय चुकलं हे समजायलासुद्धा आधी साध्या टूलचेनची ओळख लागते.

७. हाताने बांधायची तर क्रम काय? जीसीसी दोनदा का बांधावा लागतो?

एकदा तरी हाताने बांधून पाहा. उपयोगासाठी नाही, समजण्यासाठी.

इथे कोंबडी आधी की अंडं आधी असा पेच आहे. पूर्ण जीसीसी बांधायला टार्गेटची सी लायब्ररी लागते, कारण सी++ची लायब्ररी तिच्यावर उभी असते. आणि सी लायब्ररी बांधायला टार्गेटचा कंपायलर लागतो. त्यातून वाट अशी काढतात: आधी बिनयुटिल्स. मग अर्धा जीसीसी, फक्त सी भाषेपुरता, ‘--विदाउट-हेडर्स’ देऊन, शेअर्ड लायब्ररी आणि थ्रेड बंद ठेवून, सोबत लिबजीसीसी (जीसीसीची स्वतःची मदतनीस लायब्ररी). मग कर्नल हेडर सिसरूटमध्ये (बोर्डाच्या फाइलसिस्टिमच्या नकलेत, प्रश्न १२ पाहा) उतरवायचे. मग त्या अर्ध्या जीसीसीने ग्लिबसी. शेवटी पूर्ण जीसीसी, सी++सकट.

जीसीसीला जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या तीन गणिती लायब्ररी लागतात. त्या शोधत बसू नका. जीसीसीच्या सोर्समध्ये ‘कॉन्ट्रिब’ फोल्डरात ‘डाउनलोड_प्रिरिक्विझिट्स’ नावाची स्क्रिप्ट आहे, ती आणून देते. बांधायचं फोल्डर सोर्सपासून वेगळं ठेवा. ग्लिबसी तर सोर्सच्या फोल्डरात कॉन्फिगर होतच नाही.

सगळ्यात जास्त चूक ग्लिबसीच्या ‘--प्रीफिक्स’मध्ये होते. तिथे सिसरूटचा पत्ता द्यायचा नसतो. प्रीफिक्स ‘/युएसआर’च ठेवायचा, कारण बोर्डावर गेल्यावर लायब्ररी तिथेच राहणार आहे, आणि इन्स्टॉल करताना ‘डेस्टडिर’ म्हणून सिसरूट द्यायचं. हा ‘डेस्टडिर’ विसरला आणि कमांड सुडोने, म्हणजे अॅडमिनच्या अधिकाराने, चालवली, तर तुमच्या लॅपटॉपच्या सिस्टिम फोल्डरांत परक्या प्रोसेसरच्या फाइली उतरतात. माझ्या हातून हे एकदा झालं, आणि त्या रात्री मला लॅपटॉप पुन्हा पहिल्यापासून उभा करावा लागला. तेव्हापासून टूलचेन मी होम फोल्डरातच बांधतो, सुडो न वापरता. क्रॉसटूल-एनजी तर रूट म्हणून चालायलाच नकार देतं, आणि ते बरोबरच आहे.

८. माझ्याकडे विंडोज आहे. मित्राकडे मॅक. आमचं काय?

विंडोजवर डब्ल्यूएसएल२ घ्या, त्यात विंडोजमध्येच लिनक्स चालतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. काम लिनक्सच्या होम फोल्डरात करा, सी ड्राइव्हवर नको. तिथे फाइली वाचणं-लिहिणं फार मंद होतं. दुसरं, डब्ल्यूएसएल तुमच्या ‘पाथ’मध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, विंडोजचे पत्ते आणून जोडतं, त्यांत ‘प्रोग्राम फाइल्स’सारखी मधे जागा असलेली नावं असतात, आणि बिल्डरूट ‘पाथ’मध्ये स्पेस आहे म्हणून अडून बसतं. त्या टर्मिनलपुरता ‘पाथ’ साफ करून द्या.

मॅकची नेहमीची डिस्क लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही. लिनक्स कर्नलच्या सोर्समध्ये फक्त तेवढाच फरक असलेल्या जोड्या आहेत, उदाहरणार्थ एक्सटी_मार्क नावाची हेडर दोन प्रकारे लिहिलेली. एक फाइल दुसरीवर बसते आणि पुढे काय बिघडलं ते कळत नाही. केस-सेन्सिटिव्ह डिस्क इमेज बनवून तिच्यात काम करा, किंवा सरळ लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन घ्या.

९. फाइल समोर दिसते आहे, तरी बोर्ड ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ म्हणतो. हे कसं?

सापडत नाही ती तुमची फाइल नाही, तिचा लोडर. प्रत्येक डायनॅमिक प्रोग्राममध्ये आपल्याला कोण उचलणार त्याचा पत्ता लिहिलेला असतो: हार्ड-फ्लोट आर्मसाठी ‘/लिब/एलडी-लिनक्स-आर्मएचएफ.एसओ.३’, ६४ बिटसाठी ‘/लिब/एलडी-लिनक्स-एआर्च६४.एसओ.१’. बोर्डावर तो लोडर नसेल तर कर्नल ही एरर देतं, आणि माणूस फाइलच्या नावात चूक शोधत बसतो. ‘रीडएल्फ -एल’ चालवा, ‘इंटरप्रिटर’ची ओळ वाचा, तो पत्ता बोर्डावर आहे का बघा. बहुतेक वेळा ३२-६४ ची, नाहीतर हार्ड-सॉफ्टची गफलत निघते.

‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आली तर गोष्ट अजून आधीच बिघडली आहे: प्रोसेसरच चुकला आहे.

१०. ‘व्हर्जन ग्लिबसी_२.३४ नॉट फाउंड’ येतं. प्रोग्राम तर साधा हॅलो वर्ल्ड आहे!

हा आमच्याकडचा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न.

ग्लिबसी जुन्या प्रोग्रामांना सांभाळून घेते. जुन्या ग्लिबसीवर लिंक केलेला प्रोग्राम नव्या ग्लिबसीवर चालतो, उलटं चालत नाही. उबुंटू २२.०४ वरच्या टूलचेनसोबत ग्लिबसी २.३५ येते. बोर्डावर डेबियन ११ असेल तर तिथे २.३१ आहे. आणि २.३४ ही आवृत्ती, ऑगस्ट २०२१ मधली, मोठी हद्द आहे. तिच्यात थ्रेडची लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली, आणि प्रोग्राम सुरू करून देणाऱ्या फंक्शनलाही नवी आवृत्ती मिळाली. ते फंक्शन प्रत्येक प्रोग्राम वापरतो. म्हणून हॅलो वर्ल्डसुद्धा २.३४ मागतो.

उपाय मी वापरतो त्या क्रमाने: बोर्डावर जी डेबियन आहे तीच डॉकरमध्ये (लॅपटॉपवर वेगळं लिनक्स चालवणाऱ्या साधनात) घ्या आणि तिथला क्रॉस-कंपायलर वापरा. किंवा क्रॉसटूल-एनजीमध्ये जुनी ग्लिबसी निवडून टूलचेन बांधा. किंवा प्रोग्राम स्टॅटिक बनवा. पण ग्लिबसी स्टॅटिक केली की होस्टनेम शोधणं आणि प्लगिन उचलणं यांत अडचणी येतात, त्यामुळे नेटवर्कच्या प्रोग्रामाला हा मार्ग मी घेत नाही.

नव्या ग्लिबसीची फाइल बोर्डावर कॉपी करून जुनीच्या जागी ठेवणं हा उपाय नाही. बोर्डावरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम तिच्यावर टेकलेला असतो. ती अर्धवट बदलली तर बोर्ड सुरूच होणार नाही.

याचंच भावंड म्हणजे ‘फेटल: कर्नल टू ओल्ड’. तिथे लायब्ररी बांधताना गृहीत धरलेलं कर्नल बोर्डाच्या कर्नलपेक्षा नवं असतं. टूलचेन बांधताना कर्नल हेडर बोर्डाच्या कर्नलइतके किंवा त्याहून जुने निवडा.

११. पाय ४ वर चालणारा ३२ बिटचा प्रोग्राम पाय झीरोवर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ देऊन मरतो. का?

डेबियन आणि उबुंटूची ‘आर्मएचएफ’ टूलचेन किमान आर्मव्ही७ धरून चालते. पहिला पाय, पाय झीरो आणि झीरो डब्ल्यू आर्मव्ही६ आहेत. झीरो २ डब्ल्यूमध्ये मात्र कॉर्टेक्स-ए५३ आहे, त्याला ही अडचण नाही.

‘-एमआर्च=आर्मव्ही६’ देऊनही सुटत नाही, आणि इथेच माणसं दिवसभर अडकतात. तो पर्याय फक्त तुमच्या कोडला लागू होतो. प्रोग्राम सुरू करणाऱ्या सीआरटी फाइली आणि लिबजीसीसी आधीच आर्मव्ही७ साठी बनवलेल्या असतात, आणि त्या तुमच्या प्रोग्रामात जशाच्या तशा जोडल्या जातात. इलाज एकच: आर्मव्ही६ आणि हार्ड-फ्लोट निवडून क्रॉसटूल-एनजीने किंवा बिल्डरूटने वेगळी टूलचेन बांधा.

१२. सिसरूट म्हणजे काय? बोर्डावरच्या लायब्ररी लिंक कशा करायच्या?

सिसरूट म्हणजे बोर्डाच्या फाइलसिस्टिमची लॅपटॉपवरची नक्कल, निदान हेडर आणि लायब्ररीपुरती. ‘आरसिंक’ने बोर्डाची ‘/लिब’, ‘/युएसआर/लिब’ आणि ‘/युएसआर/इन्क्लूड’ ही फोल्डरं उतरवा आणि जीसीसीला ‘--सिसरूट’ने पत्ता द्या.

मग तीन ठिकाणी ठेच लागते. काही सिमलिंक ‘/लिब’पासून सुरू होणाऱ्या पूर्ण पत्त्याच्या असतात, नक्कल केल्यावर त्या तुमच्या लॅपटॉपच्या ‘/लिब’कडे बोट दाखवतात. त्या सापेक्ष करून घ्या. दुसरं, पीकेजी-कॉन्फिग हे लायब्ररींचे पत्ते सांगणारं साधन लॅपटॉपच्याच लायब्ररी सुचवतं. त्याला ‘पीकेजी_कॉन्फिग_सिसरूट_डिर’ आणि ‘पीकेजी_कॉन्फिग_लिबडिर’ हे दोन्ही व्हेरिएबल द्या, एकाने भागत नाही. तिसरं, डेबियन आपल्या लायब्ररी प्रोसेसरच्या नावाच्या उपफोल्डरात ठेवते. डेबियनच्या स्वतःच्या जीसीसीला ते माहीत असतं, तुम्ही बांधलेल्याला नसतं, आणि तो ‘कॅनॉट फाइंड सीआरटी१.ओ’ म्हणतो. जीसीसी बांधताना ‘--एनेबल-मल्टिआर्च’ दिलं असेल तर ही वेळ येत नाही.

सीमेक वापरत असाल तर टूलचेन फाइल लिहा. तिच्यात प्रोग्राम शोधण्यासाठी ‘नेव्हर’ आणि लायब्ररी व हेडर शोधण्यासाठी ‘ओन्ली’ असे मोड ठेवा. म्हणजे बिल्डला लागणारी साधनं लॅपटॉपवरची घेतली जातील आणि लायब्ररी सिसरूटमधल्याच.

१३. उबुंटूवर आर्म६४ आर्किटेक्चर जोडलं आणि ‘एपीटी अपडेट’ ४०४ द्यायला लागलं.

उबुंटू २२.०४ आणि २४.०४ मध्ये आर्म६४ ची पॅकेज मुख्य सर्व्हरवर नसतात, ‘पोर्ट्स’ नावाच्या वेगळ्या सर्व्हरवर असतात. जुन्या ओळींना एएमडी६४ पुरतं बांधून ठेवा आणि आर्म६४ साठी पोर्ट्सची नवी ओळ घाला. डेबियनवर हा त्रास नाही.

१४. ‘युझेस व्हीएफपी रजिस्टर आर्ग्युमेंट्स’ अशी लिंकर एरर म्हणजे काय?

हार्ड-फ्लोटमध्ये दशांश संख्या फंक्शनला फ्लोटिंग-पॉइंट रजिस्टरांतून दिल्या जातात, सॉफ्टमध्ये साध्या रजिस्टरांतून. एक फाइल एका पद्धतीची आणि दुसरी दुसऱ्या पद्धतीची असेल तर लिंकर थांबवतो. त्याला दटावून पुढे ढकलू नका. थांबला नसता तर उत्तरं चुकली असती. ‘रीडएल्फ -ए’ने कोणती फाइल वेगळी आहे ते शोधा आणि ती पुन्हा कंपाइल करा. बहुतेकदा ती विक्रेत्याकडून आलेली, सोर्स नसलेली लायब्ररी असते. मग सगळं तिच्या पद्धतीने करण्यावाचून गत्यंतर नाही.

१५. कॉन्फिगर ‘कॅनॉट रन टेस्ट प्रोग्राम व्हाइल क्रॉस कंपायलिंग’ म्हणून थांबतं.

कॉन्फिगरला एक छोटा प्रोग्राम चालवून उत्तर बघायचं असतं, आणि बोर्डाचा प्रोग्राम लॅपटॉपवर चालत नाही. ‘कॉन्फिग.लॉग’मध्ये कुठलं ‘एसी_सीव्ही’ व्हेरिएबल अडलं ते पाहा आणि त्याचं उत्तर तुम्हीच आधी द्या. पण बोर्डावर तपासून द्या, अंदाजाने ‘येस’ लिहू नका.

काही प्रकल्प बिल्डच्या मध्येच स्वतःचं एखादं साधन बांधून चालवतात. ते साधन लॅपटॉपसाठीच बांधलं जायला हवं. त्यासाठी कर्नलमध्ये ‘होस्टसीसी’ आणि इतर बऱ्याच ठिकाणी ‘सीसी_फॉर_बिल्ड’ असतं.

१६. ब्लू पिलसाठी लिंक करताना ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू _एसबीआरके’. ही कुठली लायब्ररी राहिली?

कुठलीच नाही. बेअर-मेटलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या चिपवर, न्यूलिब ही सी लायब्ररी असते. ‘मॅलॉक’ किंवा ‘प्रिंटएफ’ला मेमरी लागते, ती देणारी ऑपरेटिंग सिस्टिम खाली नाही, म्हणून ‘_एसबीआरके’ तुम्ही लिहायचं. तूर्त लिंक होऊ दे एवढंच हवं असेल तर ‘--स्पेक्स=नोसिस.स्पेक्स’ द्या. आकार आटोक्यात ठेवायला ‘--स्पेक्स=नॅनो.स्पेक्स’; ६४ केबीमध्ये ते जवळजवळ अनिवार्यच समजा. लिंकर स्क्रिप्ट तुमच्याच चिपची आहे ना, तेही पाहा.

१७. लॅमिंग्टन रोडवरून जुना राउटर आणला, ओपनडब्ल्यूआरटी टाकलं. माझा प्रोग्राम चालवला की ‘सिंटॅक्स एरर’ येते. प्रोग्राम तर सीमध्ये आहे!

शेलला ती फाइल बायनरी म्हणून ओळखता आली नाही, म्हणून तो तिला स्क्रिप्ट समजून वाचतो आहे. प्रोसेसर चुकला आहे. राउटरमध्ये बरेचदा मिप्स असतो आणि तो दोन प्रकारचा: जुन्या अथेरॉस चिपमध्ये बिग-एंडियन, मीडियाटेकच्या एमटी७६२१ मध्ये लिटल-एंडियन. नावं ‘मिप्स’ आणि ‘मिप्सेल’. शिवाय ओपनडब्ल्यूआरटीत सी लायब्ररी मसल आहे, ग्लिबसी नाही, आणि अशा बऱ्याच चिपमध्ये दशांश गणिताचं हार्डवेअरच नसतं. इतक्या अटी स्वतः जुळवत बसण्यापेक्षा त्याच आवृत्तीचा आणि त्याच चिपचा एसडीके उतरवा.

१८. सी-डॅकच्या रिस्क-व्ही बोर्डासाठी कोणती टूलचेन?

रिस्क-व्ही हा खुला सूचनासंच आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या वेगा मालिकेतली तेजस३२ ही चिप ३२ बिटची आहे आणि तिचा सूचनासंच आरव्ही३२आयएम. म्हणजे पूर्णांक आणि गुणाकार-भागाकार आहेत. अॅटॉमिक, दशांश आणि कॉम्प्रेस्ड सूचना नाहीत. ‘रिस्कव्ही६४-अननोन-एल्फ’ टूलचेन नावात ६४ असली तरी मल्टिलिब, म्हणजे अनेक सूचनासंचांच्या लायब्ररी सोबत असलेली, असेल तर ३२ बिटचा कोडही काढते: ‘-एमआर्च=आरव्ही३२आयएम -एमएबीआय=आयएलपी३२’. दोन्ही पर्याय लिंक करतानाही द्या, नाहीतर चुकीची लिबजीसीसी जोडली जाते.

जुना कोड नव्या जीसीसीवर ‘एक्स्टेन्शन झेडआयसीएसआर रिक्वायर्ड’ म्हणून अडेल. जीसीसी १२ आणि बिनयुटिल्स २.३८ पासून सीएसआर (प्रोसेसरच्या नियंत्रण रजिस्टरांच्या) सूचना मूळ संचातून वेगळ्या मोजल्या जातात. ‘आरव्ही३२आयएम_झेडआयसीएसआर’ लिहा.

१९. कंपाइल नीट, चालतंही, पण लॅपटॉपवर एक उत्तर आणि बोर्डावर दुसरं. टूलचेन खराब आहे का?

बहुधा नाही. आधी ‘कॅर’ हा सीमधला एका बाइटचा प्रकार तपासा. एक्स८६ वर साधा ‘कॅर’ ऋण संख्या धरतो, आर्म आणि रिस्क-व्हीच्या लिनक्सवर धरत नाही. ‘गेटकॅर’चं उत्तर ‘कॅर’मध्ये घेऊन ईओएफशी (फाइल संपल्याच्या खुणेशी) तुलना करणारा लूप लॅपटॉपवर थांबतो, बोर्डावर कधीच थांबत नाही, कारण ईओएफ उणे एक असतो आणि बोर्डावर हातात २५५ येतात.

आपल्या लिपीत हे लवकर उघडं पडतं. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि तिन्ही १२७ च्या वरचे. वर्गातल्या एकीने स्टेशनांची मराठी नावं एलईडी पाटीवर सरकवणारा प्रोग्राम लिहिला होता. ‘बाइट शून्यापेक्षा लहान असेल तर देवनागरी’ अशी अट लॅपटॉपवर चालली, बोर्डावर एकही अक्षर दिसेना. ‘-एफसाइन्ड-कॅर’ने तात्पुरतं भागतं; खरी दुरुस्ती म्हणजे ‘अनसाइन्ड कॅर’ असं स्वच्छ लिहिणं.

यानंतर ‘लाँग’ पाहा: लॅपटॉपवर ८ बाइट, ३२ बिट आर्मवर ४. जुन्या ३२ बिट सिस्टिमवर तारखेची संख्याही ३२ बिटचीच असते आणि १९ जानेवारी २०३८ ला संपते. ग्लिबसी २.३४ पासून ‘_टाइम_बिट्स=६४’ देऊन ती वाढवता येते, पण मग तारखा देवाणघेवाण करणाऱ्या सगळ्या लायब्ररी तशाच बांधलेल्या हव्यात.

२०. बोर्ड अजून हातात नाही. प्रोग्राम तपासू कसा?

दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या क्यूईएमयूच्या युझर मोडने. ‘क्यूईएमयू-एआर्च६४ -एल’ पुढे सिसरूटचा पत्ता आणि मग तुमचा प्रोग्राम. प्रश्न ९ आणि १० मधले दोष बरेचसे इथेच पकडता येतात, मात्र सिसरूट खऱ्या बोर्डाचं हवं. वेळेचं गणित आणि जीपीआयओ (बोर्डाच्या जोडणीच्या पिना) इथे तपासता येत नाहीत. थ्रेडमधल्या काही चुकाही लपतात: एक्स८६ मेमरीतल्या नोंदींचा क्रम आर्मपेक्षा कडक पाळतो, त्यामुळे लॉक विसरलेला कोड लॅपटॉपवर महिनोन् महिने चालून खऱ्या आर्मवर पहिल्या दिवशी कोसळू शकतो.

२१. घरचं नेट मंद, लॅपटॉप ८ जीबीचा. बिल्ड मध्येच ‘किल्ड’ होतो.

‘किल्ड’ म्हणजे रॅम संपली आणि कर्नलने कंपायलरला मारलं. ‘मेक -जे’ला आकडा न देता सोडलं की असं होतं. माझा ढोबळ हिशेब: एका वेळच्या कामामागे दोन जीबी धरा आणि दोन जीबी बाकी सिस्टिमला सोडा, म्हणजे ८ जीबीवर ‘-जे३’, आणि स्वॅप चालू ठेवा. मोकळी डिस्क २०-२५ जीबी असू द्या. नेटसाठी बिल्डरूटमध्ये ‘मेक सोर्स’ आहे. ते सगळं आधी उतरवून ठेवतं. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या नेटवर ते करून घ्या, मग घरी नेट नसतानाही बिल्ड होतो.

२२. कर्नल क्रॉस-कंपाइल करताना ‘जीसीसी नॉट फाउंड’, पण टूलचेन तर ‘पाथ’मध्ये आहे.

‘क्रॉस_कंपाइल’च्या शेवटची आडवी रेघ राहिली असेल. तिथे प्रोग्रामचं नाव नसतं, नावाचा सुरुवातीचा भाग असतो: ‘एआर्च६४-लिनक्स-ग्नू-’, रेघेसकट. सोबत ‘आर्च=आर्म६४’. कर्नलला सी लायब्ररी लागत नाही, त्यामुळे प्रश्न १० चा त्रास इथे उद्भवत नाही.

२३. बोर्डावरच चालणारा जीसीसी लॅपटॉपवर बांधता येईल का?

येईल. बिल्ड लॅपटॉप, होस्ट आणि टार्गेट दोन्ही बोर्ड. त्यासाठी आधी नेहमीचा क्रॉस-कंपायलर तयार हवा, कारण नवा जीसीसी त्यानेच कंपाइल होणार आणि टार्गेटच्या लायब्ररीही तोच बांधणार. म्हणून दोन्ही जीसीसीची आवृत्ती एकच ठेवा.

तिन्ही वेगळे असतील, म्हणजे लिनक्सवर बांधायचा, विंडोजवर चालवायचा आणि आर्मसाठी कोड काढायचा, तर त्याला कॅनेडियन क्रॉस म्हणतात. हे नाव पडलं तेव्हा कॅनडात तीन राष्ट्रीय पक्ष होते, त्यावरून. इथे दोन क्रॉस-कंपायलर आधी लागतात, एक लिनक्सवरून विंडोजसाठी आणि एक लिनक्सवरून आर्मसाठी. क्रॉसटूल-एनजीत हा पर्याय आहे. हाताने करायला जाऊ नका.